रेल्वेच्या तिकिटातला उरलेला पैसा कोण भरतं?

प्रश्न असा आला आहे: “अर्थसंकल्पात रेल्वेला अडीच लाख कोटी मिळतात असं ऐकतो. प्रत्येक तिकिटावर ४६ टक्के सवलत देतो असंही सरकार सांगतं. तरी आमच्या पॅसेंजरला डबे वाढत नाहीत आणि पासवाले दारात लोंबकळत जातात. हा पैसा जातो कुठे, आणि तो कुठे जायचा हे ठरवतं कोण?”

माझी नोकरी रेल्वेच्या लेखा विभागात झाली. अंदाजपत्रकं, पुरवणी मागण्या, मार्चअखेरची फिरवाफिरव हेच रोजचं काम. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. दारात लोंबकळणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिणार आहे, हेही आधीच सांगतो.

तुमच्या प्रश्नातले दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांच्या अर्थसंकल्पांत रेल्वेसाठी धरलेले २.५२ लाख कोटी हे भांडवली कामांसाठी आहेत. नवे मार्ग, दुहेरीकरण, इंजिनं, डबे, स्थानकांची कामं त्यातून होतात. गाडी रोज चालवण्याचा खर्च, म्हणजे पगार, पेन्शन, वीज, रुळांची आणि डब्यांची देखभाल, हा रेल्वेने आपल्या कमाईतून भागवायचा असतो. राहिली ४६ टक्के सवलत. १०० रुपये खर्चाच्या प्रवासाला आम्ही ५४ रुपये घेतो आणि २०२२-२३ मध्ये प्रवाशांना ५६,९९३ कोटींचं अनुदान दिलं, असं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं आहे. पण प्रवासी भाड्यातली तूट भरून काढण्यासाठी एवढी रक्कम वित्त मंत्रालयाने रेल्वेच्या हातावर ठेवली, असं अर्थसंकल्पाच्या कागदांत कुठेही सापडणार नाही. ही तूट भरली जाते मालगाडीच्या नफ्यातून, आणि तेवढ्याने भागलं नाही की पुढे ढकललेल्या कामांतून.

माझं सगळं म्हणणं इथेच येतं. स्वस्त प्रवास देणं चूक नाही, ते सरकारचं कामच आहे. चूक अशी की ही सवलत कुणी, किती आणि कुणासाठी मंजूर केली, याचा ठराव कुठेच होत नाही. श्रेय मंत्री घेतात आणि बिल रेल्वेच्या रुळांवर, पुलांवर, डब्यांवर फाडलं जातं.

याची मुळं १९२४ पर्यंत मागे जातात. पहिल्या महायुद्धाने रेल्वे खिळखिळी झाली होती. विल्यम ॲक्वर्थ यांच्या समितीने सुचवलं की रेल्वेचा हिशोब सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीपासून तोडावा, नाहीतर सरकारला तंगी आली की रेल्वेच्या गरजा मागे पडतात. त्यानुसार १९२४ पासून रेल्वेचं अंदाजपत्रक वेगळं मांडलं जाऊ लागलं. सरकारने घातलेल्या भांडवलावर रेल्वेने दरवर्षी लाभांश द्यायचा आणि बाकीचा कारभार स्वतःच्या कमाईत करायचा, असं ठरलं. स्वातंत्र्यानंतर रेल्वेवर सामाजिक जबाबदाऱ्या वाढत गेल्या, पण लाभांश चालूच राहिला. म्हणजे सरकारच्या सांगण्यावरून तोट्यात गाड्या चालवायच्या आणि वर सरकारलाच पैसे द्यायचे, अशी परिस्थिती कित्येक दशकं होती.

सुरेश प्रभूंनी २५ फेब्रुवारी २०१६ ला मांडलेलं रेल्वे अंदाजपत्रक शेवटचं ठरलं. अर्थतज्ज्ञ बिबेक देबरॉय यांनी नीती आयोगातून केलेली वेगळं अंदाजपत्रक बंद करण्याची शिफारस सरकारने मान्य केली आणि १ फेब्रुवारी २०१७ ला अरुण जेटलींनी एकत्र अर्थसंकल्प मांडला. लाभांश बंद झाला, वर्षाला सुमारे ९,७०० कोटी वाचले. हे चांगलंच झालं. पण लाभांश द्यावा लागत नाही आणि तोटा भरून मिळतो, यांत फार अंतर आहे. तोटा भरून देण्याची जबाबदारी तेव्हाही कुणी उचलली नाही.

एक अपवाद मात्र आहे, आणि बाहेरच्या लोकांना तो फारसा माहीत नसतो. सीमेलगतच्या सामरिक मार्गांवर गाड्या चालवताना होणारा तोटा केंद्र सरकार रेल्वेला भरून देतं आणि ती रक्कम अर्थसंकल्पाच्या कागदात वेगळ्या ओळीत दिसते. मार्ग तोट्यातला आहे, पण देशासाठी हवा आहे, तेव्हा देशाने पैसे द्यावेत, असा साधा हिशोब. तो हिशोब सामरिक मार्गाला लागू होतो, मग सकाळी कामाला जाणाऱ्या पॅसेंजरला का लागू होऊ नये? याचं पटण्यासारखं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता भाड्याकडे वळू. भाडं ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. त्यासाठी संसदेत मतदान लागत नाही, आदेश निघाला की झालं. अधिकार असा एकवटलेला असल्यामुळेच तो वापरायला सगळे घाबरतात. १४ मार्च २०१२ ला तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी किलोमीटरमागे २ ते ३० पैशांची वाढ सुचवली. त्यांच्याच पक्षाने विरोध केला, चार दिवसांत त्यांचं मंत्रिपद गेलं आणि त्यांच्या जागी आलेल्या मुकुल रॉय यांनी वरचे एसी वर्ग सोडून बाकीची वाढ मागे घेतली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक रेल्वेमंत्र्याने हा धडा लक्षात ठेवला असणार. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये सरसकट वाढ झाली, तीही सुमारे दहा वर्षांनी.

महाराष्ट्राला त्याच्या पुढचा प्रसंग जास्त आठवेल. जून २०१४ मध्ये नव्या सरकारने प्रवासी भाडं १४.२ टक्क्यांनी वाढवलं. मुंबईत गदारोळ झाला तो या टक्केवारीवरून नव्हे, पासवरून. मासिक पासची किंमत साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यावर काढली जायची. नव्या आदेशात ती ३० प्रवासांवर नेली होती. म्हणजे भाडेवाढ १४ टक्के, पण पासवाल्याच्या खिशाला दुपटीहून जास्त चाट. महिन्यात २५ दिवस जाऊन-येऊन ५० प्रवास करणारा माणूस १५ प्रवासांचे पैसे भरत होता, हे खरं. पण ज्याचं घरभाडं, मुलांची शाळा आणि नोकरी त्या पासच्या भरवशावर आखलेली आहे, त्याने एका रात्रीत दुप्पट कुठून आणायचे? राज्यात ऑक्टोबरात विधानसभा निवडणूक होती. राज्यातले खासदार दिल्लीत मंत्र्यांना भेटले आणि वाढ लागू व्हायच्या आदल्या दिवशी पासचा हिशोब पुन्हा १५ प्रवासांवर आला. ८० किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी दुसऱ्या वर्गालाही वाढीतून वगळलं. जानेवारी २०२० ची वाढ झाली, जुलै २०२५ ची झाली, दोन्ही वेळा उपनगरी तिकीट आणि पास यांना हात लावला नाही.

यात पासवाल्याचा काही दोष नाही. देशातल्या एकूण रेल्वे प्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त प्रवासी उपनगरी गाड्यांचे आहेत आणि प्रवासी उत्पन्नात त्यांचा वाटा अगदी थोडा आहे. ही माणसं वेळेवर कामाला पोचतात म्हणून मुंबई चालते, आणि त्याचा फायदा मालकांना, दुकानांना, कर गोळा करणाऱ्या सरकारांना होतो. त्या फायद्यातला वाटा लोकलला मिळत नाही. पास स्वस्त ठेवल्याचं खासदार कार्यअहवालात छापतात. पण स्वस्त पासमुळे जी तूट येते ती भरण्यासाठी वेगळी तरतूद मागताना मी कुणाला पाहिलेलं नाही. खरं तर ही दुसरी मागणी पहिलीइतक्याच जोराने व्हायला हवी होती.

उघडपणे भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर रेल्वे काय करते? ती गाडीच बदलते. हे तुम्ही अनुभवलं असेल, फक्त त्याला भाडेवाढ म्हटलेलं ऐकलं नसेल. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या ‘एक्स्प्रेस स्पेशल’ म्हणून सुरू झाल्या आणि किमान भाडं १० रुपयांवरून ३० वर गेलं. ते पुन्हा १० वर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला मागणीप्रमाणे चढणारं भाडं लागलं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत (पुरुषांना ४० टक्के, महिलांना ५० टक्के) मार्च २०२० मध्ये थांबवली ती परत आली नाही. आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरचे डबे कमी होऊन एसी थ्री-टियरचे वाढले. एसी थ्री-टियर हा आपला खर्च भरून काढणारा वर्ग आहे, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. स्लीपरचं भाडं वाढवलं तर बातमी होते. स्लीपरचा डबा काढला तर फक्त फलाटावर धावाधाव होते. ओरड खूप झाल्यावर सरकारने जनरल आणि स्लीपरचे जादा डबे बांधायला घेतले, हे मान्य. पण मधल्या काळात सगळ्यात गरीब प्रवाशाच्या वाट्याची जागा गेली, आणि तीही कागदावर भाडं न वाढता.

ही तूट माल भरून काढतो म्हणालो, त्याबद्दल थोडक्यात. रेल्वेच्या मालात वजनाने जवळपास निम्मा कोळसा आहे. मालाचं भाडं चढं ठेवलं की कोळसा महाग पडतो आणि ते विजेच्या बिलात उतरतं. सिमेंट, पोलाद, धान्य यांचंही तसंच. जे व्यापारी ट्रककडे वळू शकत होते ते वळले. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातली ८० टक्क्यांहून जास्त मालवाहतूक रेल्वेकडे होती, आज एक तृतीयांशही नाही. म्हणजे ज्या नफ्यावर प्रवासी सवलत उभी आहे तो नफाच आटत चालला आहे. तिकिटावर वाचलेले पैसे गरीब माणूस दुसऱ्या खिशातून देतोच.

आता पुढे ढकललेली कामं. २०२३-२४ मध्ये रेल्वेने १०० रुपये कमावले तेव्हा ९८ रुपये ४३ पैसे चालवण्यात गेले. २०२१-२२ मध्ये तर हा आकडा १०७ च्या वर होता. पगार आणि पेन्शन टाळता येत नाहीत, आणि एकट्या पेन्शनचाच खर्च वर्षाला ६० हजार कोटींच्या घरात आहे. वीजबिल थांबवता येत नाही. मग कात्री चालते ती घसारा निधीवर. रूळ, सिग्नल, पूल, डबे जुने झाले की बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकायचा हा पैसा. २०१४-१५ मध्ये या निधीत साडेसात हजार कोटींहून जास्त टाकले होते. २०१८-१९ पासून पुढची तीन वर्षं दरसाल काहीशे कोटींवर भागवलं. रूळ तेवढ्या वेगाने नवे झाले होते म्हणून नव्हे. हिशोब १०० च्या आत दिसायला हवा होता म्हणून.

मार्चअखेरच्या बैठका मला चांगल्या आठवतात. एका टेबलावर रूळ बदलायच्या कामांची यादी, दुसऱ्या बाजूला उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर झालेलं एखादं काम. पैसे एकालाच पुरतील. रूळ बदलायला आलेल्या अभियंत्याकडे मोजमापं असायची, तडे सापडल्याच्या नोंदी असायच्या. दुसऱ्या कामाकडे फक्त तारीख असायची, आणि तारीख जिंकायची. रुळाचं काम रद्द झालं असं कुणी लिहीत नसे. पुढच्या वर्षात ढकललं जायचं आणि त्या पट्ट्यात गाडीचा वेग कमी करायचा आदेश निघायचा. तुमची गाडी रोज एकाच जागी का रखडते, याचं कारण पुष्कळदा अशा एखाद्या मार्च महिन्यात सापडेल.

२०१७-१८ मध्ये सुरक्षेसाठी राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष काढला. पाच वर्षांत एक लाख कोटी. दरवर्षी १५ हजार कोटी अर्थसंकल्पातून आणि ५ हजार कोटी रेल्वेने स्वतःच्या कमाईतून, असा बेत. अर्थसंकल्पाचे पैसे आले, रेल्वेला मात्र आपला हिस्सा पूर्ण घालता आला नाही. ज्या कमाईतून घालायचा ती आधीच तिकिटाच्या तुटीत गेलेली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल अरुंद आहे हे रोज त्यावरून जाणारा प्रत्येक जण सांगत होता. त्यानंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पादचारी पूल खुलाही झाला. जे काम काही महिन्यांत होऊ शकत होतं ते आधी का झालं नाही, हा प्रश्न पैशाइतकाच प्राधान्याचा आहे. जुन्या पुलाच्या रुंदीकरणाला नारळ फोडायला कुणी मंत्री येत नाही.

भांडवली पैशाचं राजकारण याच्या उलट चालतं. तिथे पैसा असो नसो, घोषणा भरपूर. जुलै २०१४ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडांनी संसदेत आकडे ठेवले होते: आधीच्या ३० वर्षांत ६७६ प्रकल्प मंजूर, त्यांतले ३१७ पूर्ण, ३५९ बाकी, आणि बाकीच्यांना १.८२ लाख कोटी लागणार. आधीच्या दहा वर्षांत नव्या मार्गांचे ९९ प्रकल्प मंजूर झाले आणि त्यांतला एक पूर्ण झाला होता.

प्रकल्प मंजूर आहे आणि तरी होत नाही, हे कसं चालतं ते बघायचं असेल तर पिंक बुक उघडा. मंजूर कामांचं हे जाडजूड पुस्तक झोनवार असतं. प्रत्येक कामाची एक ओळ: नाव, अपेक्षित खर्च, मार्चपर्यंत झालेला खर्च, येत्या वर्षाची तरतूद. आकडे हजारांत छापलेले असतात. त्यामुळे तरतुदीच्या रकान्यात ‘१’ दिसला तर त्याचा अर्थ एक हजार रुपये. शेकडो कोटींच्या मार्गाला वर्षाला हजार रुपये. काम मेलेलं नाही, एवढंच तो आकडा सांगतो. खासदाराला मतदारसंघात सांगता येतं की प्रकल्प अर्थसंकल्पात आहे, आणि ते खोटंही नसतं.

अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग घ्या. मंजुरी १९९५ च्या सुमाराची, तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींचा. पुरेसे पैसे मिळेनात, तेव्हा निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. मग वाद दिल्ली विरुद्ध मुंबई असा झाला: राज्याचा हिस्सा आला नाही म्हणून काम थांबलं, की काम थांबलं म्हणून हिस्सा सोडला नाही. दरम्यान जमिनीचे दर वाढले, खर्च चार हजार ८०० कोटींच्या वर गेला. नगर ते न्यू आष्टी गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये धावली आणि बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला लागली, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षांत एक अख्खी पिढी एसटीने पुण्याला जाऊन कामाला लागली. त्या दिवशी बीडच्या स्थानकावर जमलेल्या गर्दीचा आनंद खरा होता. पण सुरुवातीलाच पुरेसे पैसे सलग दिले असते तर हाच मार्ग किती कमी खर्चात झाला असता, हे कुणी मांडलं नाही. थेंब थेंब तरतूद हा सर्वांत महाग मार्ग आहे.

२०१३-१४ मध्ये अर्थसंकल्पातून रेल्वेला मिळणारी भांडवली मदत ३० हजार कोटींच्या आत होती. ती आता आठपटींहून जास्त झाली आहे आणि त्यामुळे रखडलेली कामं हलली. याचं श्रेय द्यायलाच हवं. माझी तक्रार उरते ती अशी की मार्ग बांधायला पैसा आहे, त्यावर पॅसेंजर चालवायला कुणाचाच पैसा नाही. नवा मार्ग झाला की विभागाच्या माथी रोजचा तोटा येतो. मग गाडी सुरू होते ती दिवसातून एखादी, आणि प्रवासी नाहीत म्हणून ती वाढत नाही.

राज्याला भागीदार करून घ्यायचे दोन मोठे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला, प्रत्यक्षाहून जास्त अंतर धरून भाडं घ्यायची मुभा दिली, आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. नेहमीच्या रांगेत तो पन्नास वर्षं बसला असता. पण महामंडळ वेगळं असल्यामुळे अर्थसंकल्पातला भांडवली पैसा त्याला सरळ मिळत नाही आणि दुहेरीकरण रोहा ते वीर एवढ्यावरच अडलं. म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी वाढली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने त्याला संमती दिली.

दुसरा प्रयोग मुंबईचा. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ निघालं, रेल्वे ५१ टक्के आणि राज्य ४९. एमयूटीपीच्या (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या) कामांचा खर्च दोघांत वाटून, आणि त्यासाठी लोकलच्या तिकिटावर अधिभार. म्हणजे मुंबईचा प्रवासी फुकट काही घेत नाही, तो वेगळे पैसे भरतो आहे. तरीही ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. जागा, पुनर्वसन, दोन सरकारांच्या मंजुऱ्या, यांत वर्षं गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडून मेली, ती याच पट्ट्यात. इथे पैशाइतकीच अडचण अशी आहे की अमुक काम अमुक तारखेला झालं नाही तर जबाबदार कोण, याचं नाव कुठल्याच करारात नाही.

इतर देशांत प्रवासी रेल्वे नफ्यात चालते हा समज काढून टाका. अमेरिकेत १९७१ मध्ये ॲमट्रॅक ही सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी निघाली तेव्हापासून तिला तिथल्या संसदेकडून पैसे घ्यावे लागतात, आणि लांब पल्ल्याच्या तोट्यातल्या गाड्या टिकतात त्या बहुतांशी अनेक राज्यांतल्या सिनेटरांच्या पाठिंब्यावर. ब्रिटनने नव्वदच्या दशकात खासगीकरण केलं, सरकारी मदत काही संपली नाही. जपानने १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वे विभागली तेव्हा कर्जाचा मोठा भाग सरकारी यंत्रणेच्या गळ्यात घातला, म्हणून नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. मला सर्वांत जवळची वाटते ती जर्मनीची पद्धत. १९९६ पासून तिथे स्थानिक गाड्यांची जबाबदारी प्रांतांकडे आहे. केंद्र प्रांतांना ठरलेला निधी देतं. प्रांत रेल्वे कंपनीशी करार करतो की या मार्गावर दिवसाला इतक्या गाड्या, इतक्या वाजता, इतक्या डब्यांच्या, आणि त्याचे इतके पैसे. गाडी रद्द झाली की पैसे कापले जातात. सवलत किती आणि कशासाठी, हे करारातच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे भाड्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला मंत्रिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये मंजुरी दिली होती. ते पुढे सरकलं नाही. सरकलं असतं तरी अर्धंच काम झालं असतं, कारण प्राधिकरणाने खर्चाप्रमाणे भाडं सांगितलं आणि सरकारने ते कमी ठेवलं, तर फरक सरकारने भरायचा हा नियम त्याच्या जोडीला हवा. मला विचाराल तर दुसरा वर्ग, जनरल आणि पास यांचं भाडं कमीच ठेवावं, वर्षाला थोडं थोडं वाढवावं, आणि उरलेला फरक सामरिक मार्गांप्रमाणे अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दाखवून रेल्वेला द्यावा. आकडा मोठा दिसेल म्हणून अर्थ मंत्रालय नको म्हणेल. पण तो आकडा आजही आहेच. फक्त तो रुळांकडून आणि वीजबिलातून वसूल होतो आहे.

राजकारण्यांनी रेल्वेत हात घालू नये, असं मी म्हणत नाही. दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्या हट्टाने. गीतांजली एक्स्प्रेस वर्गभेद न ठेवता सुरू केली तीही त्यांनीच. प्रशासनावर सोडलं असतं तर त्या फळ्या आणखी किती वर्षं तशाच राहिल्या असत्या कोण जाणे.

आता तुमच्या पॅसेंजरकडे येतो. डबे वाढवायला तीन गोष्टी लागतात: डबे, तेवढ्या लांबीचा फलाट, आणि तेवढी गाडी धुऊन-तपासून घ्यायला पिट लाइन. प्रत्येकाचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली येतो. “डबे वाढवा” असं निवेदन दिलं की उत्तर येतं, “तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही.” त्यावर थांबू नका. माहितीच्या अधिकारात विभागीय कार्यालयाला विचारा की तिघांपैकी नेमकं काय कमी आहे, कोणत्या स्थानकांचे फलाट किती मीटर लांब आहेत, आणि ते वाढवण्याचं काम पिंक बुकमध्ये आहे का. असेल तर यंदाची तरतूद किती आणि गेल्या वर्षी त्यातले किती खर्च झाले. मग खासदारांकडे जाताना नव्या गाडीची मागणी नेऊ नका, त्या ओळीचा आकडा घेऊन जा. नवी गाडी मागितली की फार तर घोषणा मिळते. ‘१’ छापलेल्या ओळीत यंदा पुरते पैसे घाला, असं मागितलं की होय किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं, आणि ते उत्तर पुढच्या फेब्रुवारीत तपासताही येतं. सोबत आमदारांनाही घ्या. कामात राज्याचा हिस्सा असेल तर तो कोणत्या तारखेला सोडला, हे मंत्रालयातून लेखी काढणं त्यांच्या हातात आहे.